राखाडी पट्टा

चुलतबहिणीच्या लग्नासाठी मी गावी आले होते. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यामुळे आमचं गाव उठून नव्या जागी वसलं, पण तिथं नेटवर्क फक्त गच्चीवर मिळतं. हळदीच्या दिवशी सकाळी गच्चीवर जाऊन मी प्रयोगशाळेतल्या माझ्या सरांनी पाठवलेला अहवाल उघडला आणि माझं डोकंच फिरलं.

काम माझं होतं. संधिवातात सूज वाढवणाऱ्या एका प्रथिनाला आमची नवी अँटिबॉडी, म्हणजे औषध म्हणून टोचायचं प्रथिन, नेमकी कुठं चिकटते हे पुण्याच्या प्रयोगशाळेत मी शोधत होते. प्रथिन जड पाण्यात ठेवलं की त्यातल्या काही हायड्रोजनच्या जागी पाण्यातले जड हायड्रोजन येतात आणि त्याचं वजन वाढतं. अँटिबॉडी जिथं बसलेली असते तिथं ही अदलाबदल मंदावते. मग एन्झाइमने प्रथिनाचे तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटरवर त्यांचं वजन करायचं. जो तुकडा हलका राहिला, तिथं अँटिबॉडी बसली असं समजायचं.

एका भागाचे तुकडे मात्र मला सापडलेच नव्हते. तिथं साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असल्यामुळे ते ओळखूच येत नव्हते. म्हणून आकृतीत तो पट्टा मी राखाडी ठेवला होता. राखाडी म्हणजे माहीत नाही. सरांनी तो पांढरा केला होता. पांढरा म्हणजे तपासलं, इथं काही चिकटत नाही. आणि बाजारातलं जुनं औषध नेमकं त्याच भागात चिकटतं! आमचं औषध वेगळ्याच जागी बसतं, हा सगळा दावा त्या पांढऱ्या रंगावर उभा होता.

मी फोन लावला.

"सर, तो भाग आपल्याला दिसलेलाच नाही."

"दिसला नाही म्हणजे तिथं काही नाही."

"नाही सर. साखर काढणारं एन्झाइम वापरून प्रयोग परत करावा लागेल."

"तुम्ही लग्नाला गेलाय ना? मग लग्नाची मजा घ्या. आकृतीकडे मी बघतो."

"मग माझं नाव काढा त्यावरून!"

मी एवढ्या जोरात ओरडले की खाली मांडवात तोरणं बांधणारे बाबा वर आले.

"काहून वं, कोनावर ओरडून राहिली?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाटलं, माझी बाजू घेतील.

"साहेबासंग कायले भांडतं? पगार त्याइच्याच हातून भेटते ना? रंगच तं बदलवला."

"बाबा, न पाहता कसं म्हनू का तिथं काही नाही?"

"मोठी मानसं पाहून घेतीन. चाल, हळद लागून राहिली."

सरांपेक्षा मला बाबांचाच जास्त राग आला. त्या दिवशी कुणी हळद लावायला आलं की मी हात झटकत होते. आई म्हणाली, "हिले काय झालं?" मी तिलाही तोडून बोलले.

दुपारी पुन्हा गच्चीवर गेले आणि सरांना मेल लिहिला. प्रयोगशाळेच्या संचालकांनाही त्याची प्रत पाठवली. राखाडी पट्टा परत आणा, नाहीतर माझं नाव नको. उत्तर आलं नाही. अहवाल मात्र थांबला.

पुण्याला परतल्यावर मी साखर काढून प्रयोग परत केला. तुकडे मिळाले. आमची अँटिबॉडी त्या भागाच्या कडेलाही चिकटत होती, अगदी जुन्या औषधाच्या जागेला खेटून. दावा गेला.

पुढच्या बैठकीत सर उभे राहिले. "मला पहिल्यापासून या भागाबद्दल शंका होती, म्हणून आम्ही आणखी खोलात गेलो," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. संचालकांनीही. मेल त्यांनी वाचला होता, हे त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं त्यावरून मला कळलं.

बैठक संपल्यावर सर दारात थांबले. म्हणाले, "चांगलं काम केलंत."

मी त्यांच्या बाजूनं बाहेर पडले. तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं, ते मला चांगलं ठाऊक होतं.