आत्या आणि राजोडीचे खांब

खांबांवर एवढं प्रेम आणि खांबांचा एवढा संशय एकाच वेळी बाळगणारं माझ्या बायकोच्या आत्यासारखं दुसरं माणूस वसई-विरारमध्ये नसेल. चंदनसारला राहणारी ही आत्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात जन्मभर नकाशे काढून निवृत्त झाली आणि बरोबरीच्या बायका भजनी मंडळात जाऊ लागल्या तेव्हा लॅपटॉपवर पॅरामेट्रिक डिझाइन शिकली. ते काय असतं, हे तिनं मला चहाच्या टेबलावर समजावलं. "हे बघा जावईबापू, पूर्वी खांबांमधलं अंतर बदललं की अख्खा कागद पुन्हा काढावा लागे. आता एक आकडा सरकवायचा, बाकीचं छप्पर आपोआप अंग आवरून बसतं. कमीत कमी लोखंडात काय उभं राहील, ते सापडेपर्यंत सरकवत राहायचं." ती सरकवत राहिली, चहा निवला. माझ्या मेहुणीच्या साखरपुड्यात नवरी आत आली तेव्हा आत्या हॉलच्या खांबाला कवेत घेऊन त्याची जाडी मोजत होती. "उगाच लठ्ठ," ती नवऱ्यामुलाच्या वडिलांना म्हणाली. त्यांनी पोट आत घेतलं.

राजोडीला माझा एक सहकारी राहतो. तिथल्या मासळी विकणाऱ्या बायकांची शेड वादळात उडाली, तेव्हा नव्या शेडचं काम मी आत्याकडे नेलं. आठवडाभर तिनं वारा, उतार, खांबांची संख्या सरकवून पाहिली आणि जुन्या शेडच्या सहाऐवजी चारच खांबांची शेड काढली. वर फांद्या फुटाव्यात तसे तिरके आधार. तिच्या जुन्या साहेबांनी तपासून मान डोलावली. आम्ही दाखवायला गेलो. चित्र पाहून एक वयस्क मासळीवाली म्हणाली, "मदले दोन खांब काडले, तं आमी पाठ कुटं टेकाची?"

मला वाटलं, आत्या रागावली. पण तिनं पिशवीतून टेप काढला. "दाखवा बघू, टेकून कशा बसता." आठही जणींना एकेक करून भिंतीशी बसवून तिनं पाठीची उंची, मासळीच्या पाटीची जागा, सगळं वहीत उतरवलं आणि घरी येऊन गणितात नवी अट घातली: 'पाठी आठ.' खांब पुन्हा सहा झाले, पण जुन्या खांबांपेक्षा बारीक, आणि टेकणारीच्या कलानं किंचित कललेले.

शेड उभी राहिली त्या दिवशी आत्या बराच वेळ लांबच थांबली. त्याच मासळीवालीनं पाटी बाजूला सारली. "ये गो, बस. टेकून बग." आत्या बसली, टेकली, डोळे मिटून घेतले.

परतताना रिक्षात म्हणाली, "किती इमारती काढल्या हो मी. पण साइटवर कधी कुणी नेलंच नाही. मी काढलेल्या खांबाला आज पहिल्यांदा हात लावला."

तिच्या पाठीला खांबाचा ओला निळा रंग लागला होता. एरवी मी लगेच सांगितलं असतं. त्या दिवशी घर येईपर्यंत सांगावंसं वाटलं नाही.