सावधान! पुढे गणिताचा क्लास आहे

माझ्या बायकोच्या गणिताच्या क्लासची जाहिरात मी केली आणि महिन्याच्या आत आमच्या घराची वीज कापली गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं!

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं. मरोदा वसाहतीतल्या क्वार्टरात मी, माझी बायको कुंदा आणि आई असे तिघं राहायचो. मी तिथल्या पोलादाच्या प्लांटच्या सेफ्टी खात्यात क्लार्क. कामगारांनी हेल्मेट घालावं, गरम लोखंडाजवळ जाऊ नये, म्हणून ज्या पिवळ्या पाट्या लागतात, त्यांवरची वाक्यं माझी. चित्रंही माझीच. कुंदा गणितातली एम.एस्सी. लग्नाआधी नागपूरला शाळेत शिकवायची. त्या उन्हाळ्यात त्याच शाळेचं पत्र आलं, परत येता का म्हणून.

"शाळा उघडेपर्यंत इथं क्लासले पाच पोरं जमले त राहीन," कुंदा म्हणाली, "नाही त नागपूरले जाईन. सुटीत येत जाईन."

मला घाम फुटला. (स्वयंपाक मला येत नाही, आणि आईला माझ्यापेक्षा सून जास्त आवडते.) खरं सांगायचं तर तिच्याशिवाय ते क्वार्टर मला खायला उठलं असतं.

"जाहिरातीचं माह्यावर सोड!"

"तुमाले जमन?"

"सतरा वर्षं लिहून राहिलो मी! अख्खा प्लांट माह्यं वाचून जिवंत हाय!"

रविवारी मी एका पत्र्याला पिवळा रंग दिला, कडेनं काळे पट्टे ओढले आणि लाल अक्षरांत लिहिलं: 'सावधान! एक छोटी-सी चूक, पूरा साल बरबाद!' खाली चित्र. मला चित्र एकच येत होतं, डोक्याला पट्टी बांधून आडवा पडलेला माणूस. त्याला हाफपँट घातली आणि विद्यार्थी केला.

कुंदानं पाटी नीट वाचली. "याच्यात गणित कुठी हाय?"

"ते समजते लोकाइले."

"आन् क्लास?"

"अवं, आधी भीती बसली पायजे. मंग सोताहून विचारतात!"

विचारलं ते फक्त दूधवाल्यानं. फाटकावरच्या पाटीसमोर थबकून, गमछा खांद्यावरून काढून तो हळूच म्हणाला, "कोन मरगे बाबू?" दुपारी शेजारच्या भाभी डबा घेऊन आल्या. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "माताजी, कितनी उमर थी?" आईला वाटलं, माझं वय विचारताहेत. "बयालीस," ती म्हणाली. भाभी रडायलाच लागल्या! डब्यातली खीर मात्र चांगली होती.

मग मी सुधारणा केली. प्लांटच्या गेटवर, किती दिवसांत अपघात झाला नाही त्याचा आकडा लिहिलेला फळा असतो. तसाच आमच्या फाटकावर लावला: 'बिना फेल हुए दिन'. रोज सकाळी खडूनं आकडा वाढवायचो. अकराव्या दिवशी कुंदा चहा घेऊन बाहेर आली.

"अहो, पोरगं एकही आलं नाही, त नापास कोन होईन?"

"म्हणून तं रेकॉर्ड चांगला हाय!"

आत जाऊन तिनं पलंगाखालची सूटकेस ओढली. तो आवाज मला फाटकापर्यंत ऐकू आला.

घाबरलो की मी आणखी पाट्या लिहितो. दारावर 'बिना कंपास प्रवेश निषेध', खिडकीला लाल झेंडी, कुंपणाला दोरी. दुसऱ्या दिवशी भर दुपारी कूलर बंद पडला. बनियनवरच बाहेर धावलो, तर लाइनमन खांबावरचा फ्यूज काढून खाली उतरत होता.

"अरे भाई, बत्ती क्यों काटी?"

"साहब, क्वार्टर खतरनाक घोषित हुआ है न? छत कब गिर रही है?"

"यहाँ क्लास है! गणित की!"

त्यानं पाटीवरच्या पडलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. "तो ये?"

"विद्यार्थी है!"

"गणित से हुआ?"

फ्यूज परत लागायला दोन दिवस आणि तीन अर्ज लागले. मे महिना होता. आई हातपंखा हलवत म्हणाली, "तुह्या बापानं बी येवढं उकडवलं नाही मले!"

फ्यूज लागला त्या संध्याकाळी कुंदानं पाटी खाली काढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पत्र्यावर माझ्याच रंगानं लिहिलं: 'दसवीं का गणित. शाम चार से छह. जिसे न आता हो, वही आए.'

"बस? याच्यात धोका कुठी हाय?"

"धोका पोराइले मालूम हाय," ती म्हणाली. "मी फक्त पत्ता देऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी चार पोरं आली. आठवड्यात चौदा झाली, त्यातलं एक पार बोरसीहून सायकलनं. कुंदानं नागपूरला नकार कळवला, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. (कांदे होते असं आईला सांगितलं. कांदे संपले होते.)

पुढं एकदा धीर करून विचारलं, "माह्या पाट्याइचा काही तं फायदा झाला असन?"

"झाला ना. पोरं लय हसतात. इचारत होते, मॅडम, वो पट्टीवाला बोर्ड किसका था?"

"मंग? काय सांगतलं तू?"

"सांगतलं, पहले इथं एक साहेब राहत होते, त्याइचा. त्याइची बदली झाली."

त्यानंतर कित्येक वर्षं, चार ते सहाच्या दरम्यान घरी यायची वेळ आली की मी मागच्या दारानं शिरायचो. कुंदा नागपूरला गेली नाही. चौदा पोरांच्या हिशेबी भिलाई सोडून गेलो, तो मी!