मारुतीसमोर अडलेली घोडी

चिंचवड स्टेशनवर आमचा टांगा चालायचा आणि त्याची पांढरी घोडी गावठाणात आमच्या दाराशीच बांधलेली असायची. एकोणीसशे पन्नासनंतर आसपास कारखान्यांची कामं निघाली, तशी गावात भाडेकरू बिऱ्हाडं वाढली. त्यांना लिदीचा वास सोसेना. समोरच्या खोलीतल्या बाईने तर सरळ सरपंचांकडे तक्रार केली: घोडी कुणाला तरी लाथ मारील, तिला नदीपलीकडे हलवा.

नदीपलीकडे! तिथे तिची राखण कोण करणार? घोडी चोरीला गेली तर आम्ही खायचं काय? मला अस्सा राग आला!

चावडीवर सरपंच म्हणाले, "भर बाजारातनं एक फेरी मारून दावा. कुनाला धक्का लागला न्हाई, तर ऱ्हाऊ द्या."

"मी कशाला? माझी पोरगीबी फिरवंल तिला!" माझे वडील, आबा, तावातावाने बोलून गेले.

मी अकरा वर्षांची. पोर घोड्यावर बसणार म्हटल्यावर अर्धं गाव लोटलं. भीती कसली? एवढी मजा मला जन्मात आली नव्हती!

भाजीच्या पाट्यांमधून, पोराटोरांमधून घोडी पाऊल जपून चालली. मी वर ऐटीत. मारुतीच्या देवळासमोर मात्र ती जी थांबली, ती हलेचना. चुचकारलं, टाच मारली. नाही म्हणजे नाही. कुणीतरी ओरडलं, "बिथरली, बिथरली!"

मग आबांनी कपाळावर हात मारला. लग्नसराईत हीच घोडी नवरदेवाला घेऊन मारुतीच्या पाया पडायला यायची. तिथे एखादी सुवासिनी तिच्या पायांवर पाणी घालून तिला गूळ भरवायची, तेव्हाच ती पुढे निघायची. सवय आम्हीच लावलेली, आणि नेमके आम्हीच विसरलो!

"आरं, पानी आना, गूळ आना कुनीतरी!" आबा ओरडले.

बघ्यांत सगळ्यांच्या पुढे तक्रारवाली बाईच उभी होती. तिने शेजारच्या दुकानातून गूळ घेतला, तांब्याभर पाणी घोडीच्या पायांवर ओतलं आणि गुळाचा तळहात पुढे केला. घोडीने खडा ओठांनी अलगद उचलला.

"अगं बाई, किती मऊ तोंड हिचं!" ती हसायलाच लागली. मग सरपंचांकडे वळून म्हणाली, "राहू दे हो तिला. लीद तेवढी रोज उचला म्हणावं."

सरपंचांनी मान डोलावली. मी आनंदाने अशी किंचाळले की घोडीने कान टवकारले. आबांनी पुढे होऊन तिच्या मानेला मिठी मारली. खाली उभ्या लोकांना वाटलं, ते तिला थोपटताहेत. मी वर होते, म्हणून मला दिसलं. आबा रडत होते.