मिठाच्या पाण्यातले गळ

लोखंडाची कुठलीही वस्तू हातात आली की शेजारचे काका ती आधी जिभेला लावून बघायचे. सायकलची घंटी असो, दाराची कडी असो, नाहीतर माझा विळा. चाटून झालं की बाजूला थुंकायचे आणि म्हणायचे, "मीठ दिसत नाही, पर खाते."

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात मीठ फक्त डब्यात असतं. समुद्र कोणत्या दिशेला आहे, हे आमच्या गल्लीत कुणी धड सांगू शकलं नसतं. त्यामुळे लोक त्यांना हसायचे. पानठेलेवाला हाक मारायचा, "काका, आज मगरमच्छ पकडोगे क्या?" काका चालता चालताच म्हणायचे, "तुलेच लावतो ना गळाले. चांगला जाड आहेस."

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळे हसतात आणि घरातलं काही मोडलं की त्याच्याकडेच घेऊन जातात.

ते मूळचे कोकणाकडचे. त्यांचे वडील होडीतून गेले ते परत आले नाहीत. तेव्हा आईनं त्यांना सांगितलं, समुद्राचा वास येणार नाही इतक्या दूर जा. ते भरवेलीच्या खाणीपर्यंत आले आणि तिथेच लोखंडी दोरांच्या कामावर त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर आमच्या शेजारी राहायला आले. काकी त्यांच्या गावाकडच्याच. वैनगंगा घरापासून लांब नव्हती, पण काका नदीवर कधी गेले नाहीत. गणपती बोळवायलाही मुलालाच पाठवायचे.

मी ओट्यावर बसून बिड्या वळायची. पुरुषमाणसांशी बोलायची मला सवय नव्हती, अजून नाही. काका मधल्या बुटक्या भिंतीवरून, शेजारची सून म्हणून मला सूनबाई म्हणत बोलायचे आणि उत्तराची वाट बघायचे नाहीत, म्हणून बरं वाटायचं.

त्यांचा मुलगा सुधाकर लालबर्‍याच्या रस्त्यावरच्या राइस मिलमध्ये होता. मालक भावाभावांचं भांडण झालं आणि मिलला कुलूप लागलं. सुधाकर घरी बसला. बायको, तान्ही मुलगी, आणि कुठे काम नाही. तेव्हा काकींच्या भावाचा निरोप आला, पोराला इकडे पाठवा. आधी खडकावरून गळ टाकून मासे धरू दे, हात बसला की होडीवर घेतील.

त्या दिवशीचं बोलणं सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"काहून? वैनगंगेतले मासे मेले का?"

"नदीवर मासळीचा ठेका आहे, बाबा. लपून किती धरू?"

"तुह्या आजीनं मले इथं काहून धाडलं, माहीत आहे ना तुले?"

"माहीत आहे. पण आजीनं पगार नाही ना धाडला मांगून."

काही दिवस काका बाजारातली दुकानं फिरत राहिले. मग एका सकाळी भिंतीवर वाट्यांची रांग दिसली. प्रत्येक वाटीत मिठाचं पाणी, आणि प्रत्येक पाण्यात वेगळ्या दुकानातला एकेक गळ. मी बघत राहिले तसे म्हणाले, "सूनबाई, पोराले जाचंच आहे तर रिकाम्या हातानं नाही जाऊ देणार."

काकी आतून ओरडत होत्या, "माह्या सगळ्या वाट्या नासवल्या या माणसानं! आता वरण काय ओंजळीत वाढू?"

सगळ्यांत चकचकीत गळ सगळ्यांत आधी तांबडा झाला. काकांनी तो मला दाखवला. "हा नवरदेव. पहिल्या पाण्यातच रंग गेला." कल्हई केल्यासारखा दिसणारा एक मळकट गळ तसाच राहिला. तसलेच मूठभर घेतले.

काठीसाठी त्यांनी बाजारातला भरीव बांबू निवडला, चुलीच्या धुरावर धरून सरळ केला आणि जवसाचं तेल पाजलं. शिसं टायरवाल्याकडून मागून आणलं आणि मातीच्या साच्यात ओतून गळ बुडवायला गोळे केले. सुधाकरला चाकाची रीळ हवी होती. काका म्हणाले, "स्वस्तातली रीळ मिठानं महिन्याभरात आखडते, आणि चांगली आपल्याले झेपत नाही. लाकडाची फिरकी कर. तिले काय गंजणार?" कंजुषी कुठे करायची आणि कुठे नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. दोरीत करायची नाही.

"दोरी तुटली का मासा गेला, गळ गेला, शिसं गेलं, दिवस गेला. पुन्हा कुठून आणन तो?"

म्हणून गोंदियाला जाऊन त्यांनी मिळाली ती सगळ्यात जाड नायलॉनची दोरी आणली. आढ्याला बांधून तिला जात्याची तळी टांगली. तळी रात्रभर लोंबत राहिली. सकाळी काका तिच्याकडे बघून हसले. तसे हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

गाठी त्यांनी मला शिकवल्या. "बिडीवाले बोटं आहेत तुझे. कामाचे आहेत." मी दुपारभर गळ बांधून द्यायची. ते प्रत्येक गाठ ओली करून ओढायचे, सुटली की परत द्यायचे. मी चिडत नव्हते. गाठ सुटली तर कुणाचं काय जाईल हे मला कळत होतं.

संध्याकाळी सुधाकरची उजळणी चालायची.

"आल्या आल्या?"

"गोड्या पाण्यात धुवाचं."

"मंग?"

"सावलीत."

"उन्हात काहून नाही?"

"दोरी कडक होते."

"गळाले?"

"खोबरेल. आणि शेवटची हातभर दोरी कापून रोज नवी गाठ."

सुधाकरची बायको मुलीला मांडीवर घेऊन म्हणाली, "मामाजी, एवढं तर मी लेकराचं नाही करत." काकाही हसले. सुधाकर गेला तेव्हा त्याच्या सामानात कपडे थोडे आणि खोबरेलाच्या बाटल्या जास्त होत्या.

दिवाळी झाली आणि तो परत आला. उजवा हात धडप्यात गुंडाळलेला. काकींनी धडपं सोडलं. तळहातावर आडवी खोल खूण होती आणि बोटं आत वळून तशीच राहिली होती, उघडत नव्हती.

मोठा मासा लागला होता. दोरी हातातून सुटेना, तुटेना. शेजारच्या माणसानं कोयत्यानं कापली तोवर आतल्या शिरा गेल्या होत्या.

"सुटेना म्हणजे?" काकांनी विचारलं.

"गुंडाळली होती ना."

"हाताले गुंडाळली होती?"

"सगळेच गुंडाळतात, बाबा."

"कोन सगळे?"

"इथं. नदीवर."

खरंच होतं. वैनगंगेवर पोरं दोरीचे दोन वेढे तळहाताला घालूनच बसतात. नदीचा मासा केवढा, तो काय ओढणार? आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं. काकांनी मात्र नाही, कारण ते नदीवर कधी गेलेच नव्हते.

काकी म्हणाल्या, "तुम्ही सांगतलं नव्हतं का त्याले?"

काका मुलाच्या हाताकडे बघत होते. "हे सांगाचं असते असं वाटलंच नाही मले," ते म्हणाले. "श्वास घे म्हणून कोनी सांगते का?" मग अगदी हळू, "कच्ची दोरी असती तर तुटली असती."

गोंदियाच्या डॉक्टरांनी बोटं सरळ होणार नाहीत असं सांगितलं. काका रोज गरम पाण्यात त्याचा हात धरून एकेक बोट उघडायचा प्रयत्न करायचे. सुधाकर दातांवर दात दाबून बसायचा. बोट सोडलं की पुन्हा आत जायचं. त्या हाताला पोती उचलायचं काम कोण देणार होतं? पेन्शनीत पाच तोंडं भागत नव्हती. काकांच्या सुनेनं माझ्याजवळ बसून बिड्या वळायला सुरुवात केली.

एक दिवस काका स्वतःच कोकणात जायला म्हणून फिरकीवर दोरी गुंडाळताना दिसले. साठी केव्हाच उलटली होती त्यांची.

सुधाकर दारात आडवा झाला. "मी नाही जाऊ देणार तुम्हाले."

"अडव मंग. त्याच हातानं अडव."

बोलून गेले आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी फिरकी खाली ठेवली, मुलाचा तो हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. सुधाकर बाजूला सरकला.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी गळ माझ्याकडे दिले. "सूनबाई, मले आता बारीक दिसत नाही. तू बांधून दे." मी बांधले. या वेळी त्यांनी एकही गाठ ओढून पाहिली नाही.

छोट्या लाइनच्या गाडीनं ते गेले. त्या हिवाळ्यात ओळखीच्या कुणाबरोबर सुक्या माशांचं गाठोडं आलं. काकींनी घरोघर थोडे थोडे वाटले. मग आणखी एकदा आलं. तिसर्‍यांदा गाठोडं नव्हतं, काकींचा भाऊ आला. काका संध्याकाळी खडकावर बसले होते, भरती चढत होती, लोकांनी हाका मारल्या. पुढचं कुणी पाहिलं नाही. देह मिळाला नाही.

देह मिळाला नाही म्हणून काकींनी कुंकू पुसलं नाही. भावानं समजावलं, सुनेनं समजावलं. त्या म्हणाल्या, "मी काय पाहून पुसू?" गल्लीत कुजबुज सुरू झाली. त्या नळावर आल्या की बाया गप्प व्हायच्या.

पुढच्या वर्षीच्या संक्रांतीला मी हळदीकुंकवाचं बोलावणं करायला निघाले. त्यांच्याही दारात गेले.

"मले पन का?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

त्या सगळ्यांच्या शेवटी आल्या. धुतलेलं लुगडं, गळ्यात दुसरं काही नाही, फक्त मंगळसूत्राची काळी पोत. त्यांना बघून दोघीतिघी पदर सावरत उठून गेल्या. मी करंडा घेऊन समोर बसले. त्यांनी डोळे मिटून चेहरा पुढे केला. थंडीचे दिवस होते, तरी त्यांचं कपाळ घामानं भिजलेलं होतं. मी पदरानं टिपलं आणि बोट टेकवलं. कुंकू ओघळलं. मी पुन्हा टिपलं, पुन्हा लावलं. त्या डोळे मिटून तशाच बसून राहिल्या.