बेनिग्नो मिस्त्रीचा नंबर

बेनिग्नो मिस्त्रीला दुकान नव्हतं, पाटी नव्हती. होता तो पत्र्याचा एक साचा, त्यानं स्वतः छिन्नीनं कापलेला. ‘प्लंबर बेनिग्नो’, आणि खाली नऊ आकडे. एकोणीस वर्षं तो दर रविवारी सकाळी साचा आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन निघायचा. आमच्या आरेकिपा शहरात त्या वेळी लोक पातेली घेऊन अदोबो, म्हणजे डुकराच्या मटणाचा रस्सा, घ्यायला रांगेत उभे असतात. पोलीसही त्याच रांगेत. विजेच्या खांबाकडे कुणाचं लक्ष नसतं. आमच्या मारियानो मेल्गार वस्तीपासून नदीपलीकडच्या बंगल्यांपर्यंत बेनिग्नो नसलेला खांब शोधावा लागला असता.

त्या नऊ आकड्यांवर त्याचं घर चालायचं. बायको एल्विरा म्हणायची, “मी मेले तर दुसरी करशील. तो नंबर मेला तर काय करशील?”

फेब्रुवारीत तो रेबेकाबाईंच्या सिंकखाली आडवा झाला होता. रेबेकाबाई निवृत्त मास्तरीण, त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तेवढ्यात फोन वाजला. त्यानं तो खांद्यात आणि कानात धरला.

“काका, मी नायेली बोलतेय, फोन कंपनीतून. तुमच्या नंबरासाठी खास योजना आहे.”

“पोरी, माझे दोन्ही हात घाणीत आहेत.”

“दोनच मिनिटं काका. नंबर तोच राहणार, फक्त स्वस्त होणार.”

“तीन वाजले. जेवलीस का?”

“अजून दोन गिऱ्हाइकं झाली की सोडतील जेवायला.”

इथंच तो अडकला. तिनं ओळखपत्राचा नंबर विचारला, त्यानं आठ आकडे घडाघडा म्हणून दाखवले. आमच्याकडे सगळेच तसं करतात. औषधाच्या दुकानात, किराण्याच्या दुकानात, काउंटरवरच्या पोरीनं तोंड वर करायच्या आत माणूस आठ आकडे सांगून मोकळा होतो. चार नाणी सवलत मिळते. लेकराचा वाढदिवस विसरेल, पण ते आकडे विसरणार नाही. मग तिनं आईचं नाव विचारलं. त्यानं तेही सांगितलं. नंतर ती एका दमात बरंच काही वाचत गेली आणि म्हणाली, “आता ‘मान्य आहे’ म्हणा.”

“मान्य आहे. जा, जेव आता.”

“कोण होतं रे?” रेबेकाबाईंनी विचारलं.

“कोणी पोर होती. उपाशी होती बिचारी.”

दोन दिवसांनी सकाळी फोन मुका झाला. दुपारी मोटारसायकलवरून एक माणूस दारात आला. वेगळ्याच कंपनीचं सिम, वेगळ्याच कंपनीचा करार, दर महिन्याचं बिल. बेनिग्नोला वाटलं होतं, पोरगी त्याच्याच कंपनीची. तिनं तर त्याचा नंबरच दुसऱ्या कंपनीत नेला होता. त्यानं माणसाला दारातूनच परत पाठवलं.

नव्या कंपनीच्या कार्यालयात काउंटरमागं एक नीटनेटका मुलगा होता. त्यानं रेकॉर्डिंग लावलं. घाणीत हात असलेला, मजेत असलेला एक माणूस बोलत होता. ‘जेवलीस का?’ ऐकून शेजारच्या काउंटरवरची बाई फिस्सकन हसली.

“आवाज तुमचाच ना, मिस्त्री?”

“माझाच.”

“मग झालं की. हे सिम घ्या. संध्याकाळपर्यंत नंबर चालू. तक्रार नंतर करा, महिना-दोन महिन्यांत बघतील.”

“सिम घेतलं म्हणजे मी मानलं.”

“मानू नका. पण घ्या.”

बेनिग्नोनं सिम त्याच्याकडे परत सरकवलं. “चाळीस वर्षं मी लोकांची घाण काढतोय. कुणाची गिळली नाही. तक्रारवही द्या.”

तक्रारवही आमच्याकडे प्रत्येक दुकानात टांगलेली असते. पानावर दोन चौकटी असतात. वरच्या चौकटीत काय झालं ते लिहायचं, खालच्या चौकटीत काय हवं ते. वरची त्यानं भरून काढली, समासातही लिहिलं. खालच्या चौकटीपाशी पोचला तेव्हा पेन कागदात रुतत होतं. रागानं. त्यानं लिहिलं, ‘हा करार रद्द करा. मला या कंपनीशी कसलाही संबंध नको.’ खाली दोन रेघा ओढल्या.

पुढचे तीन आठवडे त्याचा फोन वाजला नाही.

“घे की रे ते सिम,” एल्विरा म्हणायची. “इभ्रतीचं सूप करून पाजणार आहेस का मला?”

“न्याय मिळतोय तोवर थांब.”

“न्यायाला आपला नंबर ठाऊक आहे का? तो लागत नाही म्हणतात.”

निकाल आला तो एल्विराच्या फोनवर. तिनं मोठ्यानं वाचून दाखवला. तक्रार योग्य ठरली होती. करार रद्द. ग्राहकाच्या विनंतीनुसार कंपनीचा त्यांच्याशी कोणताही संबंध उरलेला नाही. बेनिग्नोनं तिला दोनदा वाचायला लावलं. मग कोपऱ्यावरून केसो एलादोचे दोन पेले घेऊन आला. दारात बसून दोघांनी ते आइस्क्रीम खाल्लं. तो म्हणाला, “बघितलंस?”

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तो काउंटरवर गेला. मुलगा तोच होता.

“अभिनंदन, मिस्त्री. फार कमी लोक जिंकतात.”

“माझा नंबर द्या.”

मुलानं पडद्याकडे पाहिलं. “नंबर करारासोबत गेला.”

“कुठं गेला?”

“करार रद्द म्हणजे ती लाइन रद्द. लाइन रद्द झाली की नंबर मोकळा. मोकळा झाला की कुणालाही मिळतो.”

“एकोणीस वर्षं माझा आहे तो.”

“तुम्ही तो मागितलाच नाही.” मुलानं तक्रारवहीची प्रत त्याच्यासमोर फिरवली. खालच्या चौकटीवर बोट ठेवलं. दोन रेघांच्या वर. “इथं ‘नंबर परत द्या’ लिहिलं असतंत तर कदाचित दिला असता. तुम्ही जे मागितलं ते सगळं दिलंय.”

बोलताना त्याचा सूर वाईट नव्हता. तेच वाईट होतं. बेनिग्नो जुन्या कंपनीत गेला. ते म्हणाले, तो नंबर आमच्याकडून गेला, आता आमचा नाही. बाहेर येऊन तो पायरीवर बसला. समोरच्या खांबावर त्याचं नाव होतं.

नवा नंबर त्यानं घेतला, पण नवा साचा कापला नाही. कामं ओळखीपाळखीनं येत राहिली, आठवड्याला एखादं. एल्विरा शेजारणीबरोबर बाजारात मका सोलायला बसू लागली. घरी येऊन ती काही बोलत नसे. पूर्वी बोलायची, ते त्याला बरं वाटायचं.

ऑगस्टमध्ये रस्त्यात रेबेकाबाईंनी त्याला गाठलं.

“लाज नाही वाटत? मी तुला फोन केला आणि तू कसलं पोर पाठवलंस? पांढऱ्या दगडाची भिंत फोडली त्यानं. माझ्या बापानं बांधलेली भिंत.”

“मी कुणालाही पाठवलं नाही, बाई.”

“तुझंच नाव सांगितलं त्यानं. तुझ्याच नंबरवर केला मी फोन.”

बेनिग्नोनं घरी येऊन एल्विराचा फोन घेतला आणि नऊ आकडे दाबले. त्या नंबरला आजवर त्यानं कधी फोन केला नव्हता. कशाला करील?

“प्लंबर बेनिग्नो. बोला,” तरुण आवाज म्हणाला.

“कोण बेनिग्नो?”

“आता तुम्हाला काय सांगू काका.” पोरगा हसला. “मी रिक्षा चालवायचो. हे सिम घेतलं आणि सुरू झालं, संडास तुंबला, नळ गळतो. आधी शिव्या घातल्या लोकांना. मग मेव्हणा म्हणाला, गाढवा, पैसा दारात येतोय आणि तू हाकलतोस? पाने-पक्कड विकत घेतले. सगळे बेनिग्नो म्हणतात, तर बेनिग्नो. तुमचं काय तुंबलंय?”

“पाना कितीचा घेतलास, दहाचा की चौदाचा?” बेनिग्नोनं विचारलं.

“तुम्हीपण प्लंबर का काका? विचारण्यावरून वाटतंय. एक सांगा ना. जुन्या दगडी घरांत मुख्य पाइप कुठून नेलेला असतो? परवा एका म्हातारीची भिंत उगाच फोडली मी. फार बोलली.”

एल्विरा मानेनं नको नको म्हणत होती.

“भिंतीत नसतो,” बेनिग्नो म्हणाला. “चुलीच्या बाजूनं फरशीखालून गेलेला असतो. तिचा तर मीच टाकलाय. जाऊन भिंत नीट करून दे. पैसे मागू नकोस.”

“उपकार झाले काका. नाव काय तुमचं?”

त्यानं फोन ठेवला.

रविवारी सकाळी तो रंगाचा डबा घेऊन निघाला. साचा घरीच राहिला. अदोबोच्या रांगेतून कुणी तरी हाक मारली, “मिस्त्री, आज साचा विसरलात का?”

त्यानं ब्रश बुडवला आणि नावावरून फिरवला. ‘प्लंबर’ तसंच ठेवलं. खालच्या नऊ आकड्यांना हात लावला नाही.

रांगेतल्या माणसानं पुन्हा विचारलं, “अहो, नंबर राहिला की.”

“तो माझा नाही,” बेनिग्नो म्हणाला.

दुपारपर्यंत अकरा खांब झाले. मग रंग संपला.