खैरूनखालाचं हॅम्बुर्ग

हॅम्बुर्गमध्ये दाऊदचाचा मला भेटला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आणि जिला सांगायला हवं होतं ती, त्याची बायको, आमच्या मोहल्ल्यातली खैरूनखाला, आता या जगात नाही.

रत्नागिरीच्या खाडीकाठी आमचा मोहल्ला. ऐंशीच्या दशकात घरटी एखादा तरी मुलगा जहाजावर असायचा. कंपनी पोरांना विमानाने हॅम्बुर्गला धाडायची. तिथे खलाशांच्या वसतिगृहात एक रात्र, सकाळी जहाज. त्या एका रात्रीचा बेत आखून घ्यायला जो तो खालाकडे जायचा. ती स्वतः कधी हातखंब्याच्या नाक्यापलीकडे गेली नव्हती. पण दाऊदचाचा सुट्टीवर आला की जे जे सांगायचा, ते तिने पाठ करून ठेवलं होतं. पडवीत नारळ खवता खवता ती विळी समोरच्या पोराकडे वळवायची. "हे पातं म्हणजे नदी. ही करवंटी तुझं स्टेशन. आणि ही तुझी खोली." खोलीच्या जागी खोबऱ्याचा तुकडा ठेवायची, आणि बेत संपला की तो तुकडा त्या पोरालाच खायला द्यायची.

"आधी जेवायचं, फिरायचं मागाहून," ती बजावायची. "परमुलखात भुकेल्या माणसाला कुणीही फशी पाडतं. आणि बूट पुसून जा रे. रत्नागिरीचं कोण हे गबाळं आलंय, असं म्हणायला नको." पोरं परत येऊन म्हणायची, "खाला, सगळं तू सांगितलंस तसंच निघालं." त्यावर ती म्हणायची, "मग? मी काय खोटं सांगते?" अशी बाई आमच्या मोहल्ल्यात आहे, या अभिमानाने आमचीच मान ताठ व्हायची.

तिच्या प्रत्येक बेतात बंदराजवळची एक गल्ली मात्र यायचीच. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. दाऊदचाचा त्याच शहरात जहाज सोडून राहिला होता, आणि त्या गल्लीतल्या खानावळीत तो कुणाला तरी दिसला होता. एकदा नळावर एक बाई म्हणाली, "हिचं तोंडच तसलं, नवरा टिकेल कसा?" खाला हंडा कडेवर घेऊन शांतपणे म्हणाली, "तोंड तुलाही आहे की गो. तुझा तर घरातून हलत नाही!" सगळा नळ हसला. पण त्यानंतर ती पाण्याला गर्दी ओसरल्यावर जायला लागली.

माझी जायची वेळ आली तेव्हा तिने विळी वळवलीच नाही. आंब्याच्या साठांचा, वाळवलेल्या रसाच्या पोळ्यांचा डबा पुढे ठेवला. "रफीक, हा त्याला दे. ये म्हणू नको. एवढंच विचार, माझं काय चुकलं?"

तो खानावळीतच होता. शेजारी एक गोरी बाई, तिच्या कडेवर त्याच्याच नाकाची पोर. डबा उघडून त्याने वास घेतला आणि खाली बसला. मी विचारलं. तो म्हणाला, "तिचं काही चुकलं नाही. मीच घसरलो. मोहल्ल्यात चारचौघांत उभा राहून सांग हे. माझं नाव घेऊन सांग." मग आत गेला आणि डबा फडक्यात बांधून परत आणून दिला. मी तो न उघडता पिशवीत टाकला.

सुट्टीवर आल्यावर मी खालाला म्हणालो, "सापडला नाही, खाला. साठं जहाजावर वाटली."

तिने फडकं सोडलं. डब्यात कागदात गुंडाळलेले साखरेचे चौकोनी तुकडे होते. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर साखर तरी घालतात. चाचा तिथे राहूनही ते विसरला नव्हता.

"तू घातलीस?"

"हो."

"मेल्या, तुझ्या आईने भरून दिलेलं वाडगंसुद्धा तू वाटेत चाटून रिकामं आणायचास." ती हसली. मग चहा टाकला आणि त्यातला एक तुकडा माझ्या कपात सोडला. "घे. साखर गोडच आहे."

चहा संपेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. मी बोललो असतो तर तेव्हाच. तिला सोसणार नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. पण तिला सोसलं असतं. त्या पोरीबद्दल सांगायची माझीच छाती झाली नाही.

पुढेही ती पोरांना बेत आखून देत राहिली, त्याच ऐटीत. एकाने विचारलं, "खाला, ती बंदराजवळची गल्ली राहिली?"

"ती बंद झाली," ती म्हणाली आणि नारळ खवत राहिली.

तिच्या मातीला मी होतो. परतताना कुणीतरी म्हणालं, "बाई हुशार, पण नवऱ्याला सांभाळता नाही आलं." तेव्हाही मी चाचाचं नाव घेतलं नाही.

इथे लिहिलं, पण लिहिल्याने फिटत नाही. त्याने सांगितलं होतं, चारचौघांत. तिचं काही चुकलं नव्हतं, हे मोहल्ल्यात उभं राहून, त्याचं नाव घेऊन सांगणं, तेवढं देणं मी अजून खालाचं लागतो.