चौथी ओळ

काजबाईला काही विचारलं की ती आधी तोंडातला दोरा काढायची, मग बोलायची. चाळीस वर्षं शिलाईच्या कारखान्यात तिनं सदऱ्यांची काजं केली. बोटांची चाळण झाली, जीभ मात्र शाबूत राहिली. शाळा सातवीपर्यंत. पण कविता करायची आणि चांगल्या करायची. चर्चच्या मंडळीतल्या पदवीधरांसारख्या रडक्या नव्हेत.

चर्चच्या घरभेटींना वळण लावलं ते तिनंच. पूर्वी कुणाकडे दुखणं झालं, मयत झाली, की चारजण जायचे, चहा प्यायचे, 'देवाची इच्छा' म्हणायचे आणि सुटायचे. काजबाई म्हणाली, "चहाला जाता की माणसाला भेटायला?" मग तिनं कार्डं काढली. तीन ओळी मंडळीनं लिहायच्या, चौथी घरच्यांनी. जेवढा विश्वास उरला असेल तेवढाच तिच्यात घालायचा. भरलेलं कार्ड रविवारी दाराशी फळ्यावर लागायचं, आणि जन्मात चर्चची पायरी न चढलेली माणसं आपली ओळ बघायला यायची. एकानं शिवी लिहिली. काजबाईनं तीही लावली. "देवाला ऐकू येतं, पाळकसाहेब. तुम्ही हवं तर कानांवर हात ठेवा."

कोरी ओळ मात्र तिला खपत नसे. चौकातल्या किल्लीवाल्याची बायको गेली तेव्हा त्यानं कार्ड तसंच परत केलं.

"ओळ राहिली की हो."

"राहू दे."

"असं कसं? फळ्यावर भोक दिसेल."

"भोकच आहे, बाई."

जन्मभर भोकांना टाके घातलेली ती बाई. घरी जाऊन तिनं स्वतःच लिहून टाकलं: 'तरीही तुझ्या हाती, प्रभो, माझा हात.' लोकांना ओळ फार आवडली. किल्लीवाला त्यानंतर चर्चकडे फिरकला नाही. "ताठा, दुसरं काय," असं म्हणून काजबाईनं विषय मिटवला.

त्याला सहा वर्षं झाली, आणि तिची लेक गेली. एकुलती एक, चौतिशीची, दवाखान्यात नर्स. गावाची दुखणी निस्तरणाऱ्या पोरीनं स्वतःचं दुखणं अंगावर काढलं. कळल्यापासून तीन महिन्यांत आटोपलं.

दफनानंतर चौथ्या दिवशी मंडळी आली. पाळकसाहेबांच्या बायकोनं, पाळकबाईंनी, कार्ड हातात दिलं.

'चपला तिच्या दाराशी, जोडीनं, तशाच.
डबा तिचा फळीवर, पालथा, कोरडा.
आणि घर विचारतं, अजून कशी नाही आली?'

वस्तू सांगा, उपदेश नको, हे काजबाईचंच शिकवणं. फार चांगलं उतरलं होतं. म्हणूनच ती कोसळली.

तीन दिवस ती पेन्सिल घेऊन बसली. 'प्रभो' लिहिलं, खोडलं. रागही येईना, नाहीतर तिनंही शिवी लिहिली असती.

नणंद म्हणाली, "वहिनी, दुसऱ्यांसाठी ढिगानं ओळी पाडल्यास. आता एक सुचेना?"

"ती दुसऱ्यांची माणसं होती गं."

शनिवारी तिनं कार्ड नणंदेच्या हाती दिलं. "कोरंच लावायचं. कुणी हात लावायचा नाही, म्हणावं."

रविवारी फळ्याशी गर्दी होती. पाळकबाई पुढं आल्या, डोळे भरलेले. "मावशी, आम्हाला बघवेना हो. तुमचीच ओळ घातली."

चौथ्या जागी सुबक अक्षरात होतं: 'तरीही तुझ्या हाती, प्रभो, माझा हात.'

"निरोप नव्हता मिळाला?"

"मिळाला होता. पण किती उघडं उघडं वाटत होतं ते!"

किती मायेनं म्हणाल्या त्या. काजबाईला ओरडायचं होतं, पण ओरडणार कुणावर? माया त्यांची, शब्द तिचे. तिनं पिशवीतून काज कापायचं ब्लेड काढलं आणि सगळ्यांदेखत शाई खरवडली. कागद विरला, एका जागी फाटला.

"मावशी, अहो, असं कोरं..."

"कोरंही वाचता येतं त्याला," ती म्हणाली. "आपल्यालाच येत नाही."

मग ती आतल्या पेटीपाशी गेली, जुनी कार्डं उपसली, एक काढून घेतलं आणि उपासनेला न बसता बाहेर पडली.

किल्लीवाल्याचं दुकान रविवारीही उघडंच असे. तो कानस घासत होता. तिनं कार्ड त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं बघितलं, कानस थांबवली.

"ही ओळ माझी," ती म्हणाली. "तुमची नव्हती. खरवडून द्यायला आलेय."

"लेकीचं कळलं मला," तो म्हणाला. "यायला हवं होतं. तुमच्या दारापर्यंत आलो होतो. म्हटलं, मी आत येऊन काय लिहू?"

काजबाईनं मान हलवली. त्यानं स्टुलावरच्या किल्ल्या बाजूला सारल्या. ती बसली, ब्लेड धरलं आणि शाई खरवडायला लागली, पण कार्ड सारखं सरकत होतं.

कार्ड हलू नये म्हणून किल्लीवाल्यानं त्याचे दोन कोपरे धरले, आणि ती थांबेपर्यंत धरून ठेवले.